बदललेल्या ओळीला रंग: एडिटरने दाखवावा का?

वाळूज_व्हीएमसी
वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या लहान वर्कशॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे, प्रोग्राम बऱ्याचदा नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये उघडतात. फाइलच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचं नावही नसतं. फाइलचं नाव आधी ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन खरं’. अशा ठिकाणी 2022 मध्ये नोटपॅड प्लस प्लसमध्ये आलेली चेंज हिस्टरी मला फार कामाची वाटते. ओळ बदलली की मार्जिनमध्ये नारिंगी पट्टी, सेव्ह केली की हिरवी. मशीनला पाठवायच्या आधी नुसती नजर खालपर्यंत फिरवायची. फीड (टूल पुढं सरकायचा वेग) बदलताना चुकून खालच्या ओळीतला झेड (टूलच्या उंचीचा आकडा) हलला, तर तिथंच दिसतो. माझं मत, प्रोग्रामिंगच्या पीसीवर हे कायम चालू पाहिजे. बंद करायची मुभाच नको.

जालना_टूलरूम
मुभाच नको? लईच झालं. पट्टी फक्त ओळ बदलली एवढं सांगते. फॅनुक कंट्रोलच्या मशीनवर नेहमीच्या सेटिंगला एक्स 10.0 म्हणजे 10 मिलिमीटर. त्यातलं ‘.0’ गळालं की तेच 10 मायक्रॉन. पट्टी दोन्हीला हिरवीच! उलट हिरवं बघून पोरं निर्धास्त होतात. हिरवं म्हणजे सेव्ह झालं, बरोबर आहे असं कुणी सांगितलं? शिवाय फाइल बंद केली की पट्ट्या गायब. दिवसपाळीनं काय केलं ते रात्रपाळीला काय कपाळ दिसणार?

वाळूज_व्हीएमसी
रात्रपाळीचं मी म्हणतच नाही. ज्यानं हात लावला त्यानं उठायच्या आधी बघावं, एवढंच. गळालेलं टिंब अख्ख्या प्रोग्रामात शोधणं वेगळं आणि पट्टीवाल्या चार ओळींत शोधणं वेगळं.

नांदेड_रिमोट
दोघंही एक गोष्ट सोडायलात: बदल कशाच्या तुलनेत? नोटपॅड प्लस प्लस फाइल उघडली तेव्हापासूनचं धरतो. व्हीएस कोड हा एडिटर गिटमधल्या आधीच्या नोंदीशी ताडतो. नवीन ओळीला हिरवं, बदललेलीला निळं, खोडलेल्या जागी लाल त्रिकोण. म्हणून तिथं फाइल बंद करून उघडली तरी खुणा राहतात. ईमॅक्स या एडिटरमध्ये तर हायलाइट-चेंजेस मोड आहे, त्यात जुन्या बदलांचा रंग पालटून ताजे वेगळे काढता येतात. मला स्वतःला हे फार आवडतं, पण वापरणारे किती म्हणा. आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ युनिक्सवर 1974 पासून आहे. गिट शिका, अवघड नाही.

लातूर_डीटीपी
लिहिताना बाजूला रंग लुकलुकले की माझं लक्ष मजकुरावरून उडतं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही असतात, त्यांनी काय करावं? मी बंदच ठेवते.

वाळूज_व्हीएमसी
ताई, रंग सेटिंगमधून बदलता येतात.

जालना_टूलरूम
नांदेडवाले भाऊ, गिट शिका म्हणायला काय जातं! आमच्याकडं प्रोग्राम कॉपी करायचा पेनड्राइव्हसुद्धा एकच, तोही सगळ्यांचा. पण खरी गोम पुढंच आहे. मशीनवर जॉब (कापायचा भाग) लागला, साइज मोठी आली, की ऑपरेटर मशीनच्याच कंट्रोलवर एडिट मोडला जाऊन तिथंच आकडा बदलतो. पीसीवरच्या फाइलला त्याचा पत्ताच नाही. तुमची पट्टी असो, नाहीतर गिट, दोघांनाही तो बदल दिसणार नाही. महिन्यानं तोच जॉब परत आला की पीसीवरून जुना आकडा मशीनला जातो आणि पहिलाच पीस स्क्रॅप. म्हणून मी म्हणतो, जॉब उतरवताना मशीनमधला प्रोग्राम परत पीसीवर घ्या आणि कंपेअर प्लस प्लगइनमध्ये जुन्याशेजारी लावा. त्यात ओळीतला नेमकं अक्षरही दिसतो. रंग तेव्हा उपयोगाचा.

नांदेड_रिमोट
हे मला माहीत नव्हतं. मग तो परत घेतलेला प्रोग्रामच गिटमध्ये टाकला तर तारखेसकट राहील की.

वाळूज_व्हीएमसी
कंपेअरला ना नाही. पण जॉब उतरवताना प्रोग्राम परत घ्यायला वेळ कुणाला असतो? सुपरवायझर पुढच्या सेटिंगसाठी डोक्यावर उभा. माझी पट्टी फुकट आहे, काही न करता दिसते. आणि कंट्रोलवर कुणीही आकडे बदलत असेल तर तो दोष एडिटरचा नाही. कंट्रोलवरचं एडिट बंद ठेवणारी प्रोग्राम प्रोटेक्टची किल्ली असते ना? तुमच्याकडं कुणाच्या खिशात असते?

जालना_टूलरूम
खिशात कशाला, मशीनलाच लावलेली असते.