मोजक्या गेमनी तुमची आवड कुठवर नेली?

रानपाखरू
भाचा टॅबलेटवर एकामागून एक गेम उतरवून घेत होता आणि थोडेसे खेळून लगेच काढून टाकत होता. ते पाहताना नव्वदच्या दशकातल्या, टीव्हीला जोडायच्या आमच्या व्हिडिओ गेमची फार आठवण झाली. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असले, तरी आत मोजकेच गेम होते आणि पुढची सगळी यादी तेच गेम वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून भरलेली होती. मला धावण्याचे, उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचे गेम प्रिय होते. मारिओ आणि रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ मनसोक्त खेळून झाल्यावर मात्र ‘लोड रनर’ आणि ‘बायनरी लँड’ एवढेच उरले.

‘लोड रनर’मधल्या माणसाला उडी मारताच येत नाही, त्यामुळे तो मला अगदीच नीरस वाटे. दुसरे काही नसल्यामुळे पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळावे लागले, तेव्हा कुठे त्यातली गंमत उलगडली: विटांत खड्डा खणायचा, पाठलाग करणारा त्यात पडला की त्याच्या डोक्यावरून पलीकडे जायचे आणि खड्डा आपोआप बुजण्याआधी पुढची वाट ठरवायची. ‘बायनरी लँड’मध्ये एक पेंग्विन डावीकडे सरकला की दुसरा उजवीकडे सरकतो, आणि दोघांनाही पिंजऱ्याशी एकाच वेळी न्यावे लागते. आज मी आवडीने खेळतो ते बहुतेक गेम कोड्यांचे असतात. नावड सरायला जो वेळ लागतो, तो मला त्या तोकड्या यादीने दिला असे वाटते. आपलेही अनुभव अवश्य लिहावेत.

अबोली
आमच्याकडे कॅसेट नव्हती, आईचा नोकिया ३३१० होता. त्यात चारच गेम होते आणि सापाच्या गेमसाठी आम्हा भावंडांत भांडणे होत. ‘बांटुमी’ कोणालाच नको असे, म्हणून धाकटी या नात्याने तो माझ्या वाट्याला आला. दोन्ही बाजूंना सहा-सहा खळगे, एका खळग्यातले दाणे उचलून पुढच्या प्रत्येकात एकेक टाकत जायचे आणि शेवटचा दाणा स्वतःच्या कोठारात पडला तर आणखी एक चाल मिळवायची, हे हिशेब मला हळूहळू इतके आवडू लागले की साप मागे पडला. पुढे लग्न होऊन धारवाडला आले, तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून लाकडी अळगुळी मणे काढली. तिच्यात सात-सात खळगे असतात आणि नियमही निराळे आहेत, पण पेरणीची पद्धत पाहताच मी ती ओळखली. आता आम्ही दोघी चिंचोके घेऊन रोज दुपारी खेळतो.

पायवाट
अबोलीताई, चिंचोक्यांचे वाचून फार बरे वाटले. आमच्या संगणक वर्गात विंडोजसोबत आलेल्या गेमखेरीज काहीही चालवण्यास मनाई होती. शर्यतींच्या गेमचे वेड असलेला मी नाइलाजाने ‘फ्रीसेल’ उघडू लागलो. सगळे पत्ते उघडे असतात आणि नशिबाचा भाग फक्त वाटणीपुरता असतो, हे लक्षात आल्यावर मला तो विलक्षण प्रामाणिक खेळ वाटला. त्यातल्या ३२,००० क्रमांकित डावांपैकी ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही, हे मित्राने सांगितले तेव्हा आम्ही कित्येक तास त्याच्यामागे घालवले.

निळाई
माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या घरीही गेम मोजकेच होते, परंतु ते सगळे मारामारीचे असल्यामुळे आवड तसूभरही रुंदावली नाही. शेजाऱ्यांशी कॅसेटची अदलाबदल झाली आणि तिच्यात निन्टेन्डोचा १९८४ सालचा ‘गोल्फ’ निघाला. हा खेळ आमच्यापैकी कोणी मैदानात पाहिलेलाही नव्हता. वाऱ्याची दिशा पाहून काठी निवडायची, एकदा बटण दाबून झोका सुरू करायचा, दुसऱ्यांदा दाबून जोर ठरवायचा आणि तिसऱ्यांदा नेमका फटका साधायचा, एवढ्यावर माझ्या वडिलांनीही रात्री जागवल्या. तेव्हा गेम कमी असणे पुरेसे नाही. त्या थोडक्यांत एखादा तरी आपण होऊन कधी निवडला नसता असा असावा लागतो.

रानपाखरू
निळाई, हे अगदी पटले. आमच्या कॅसेटमध्येही सगळे गेम बंदुकीचेच असते, तर मी आज कोड्यांकडे वळलो नसतो.

उंबरठा
वसतिगृहातल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होते आणि मित्रांचे फुटबॉलचे गेम त्यावर चालत नसत. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ मात्र फुकट मिळे आणि सुरळीत चाले. आळीपाळीने चाल करायचे गेम मला कंटाळवाणे वाटत, पण त्यात काही सैनिक दिवसा बलवान असतात आणि काही रात्री, त्यामुळे संध्याकाळ होण्याआधी माघार घ्यावी की टेकडी धरून ठेवावी याचा विचार जेवतानाही डोक्यात चाले. फुटबॉल अजूनही आवडतो, पण पैसे देऊन विकत घेतलेला पहिला गेम आळीपाळीच्या चालींचाच होता.

मोगरा
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिच्यासमोर हजारो गेम आहेत. मुद्दाम मोजके ठेवले, तर तिला ती शिक्षा वाटणार नाही का?

निळाई
मोगरा, आम्ही घरी दोन गेम मुलाला निवडू देतो आणि तिसरा आम्ही निवडतो. तिसरा आवडलाच पाहिजे अशी सक्ती नाही, फक्त महिनाभर तो काढून टाकायचा नाही. गेल्या खेपेस आम्ही ‘सोकोबान’ ठेवला होता. खोकी ढकलता येतात पण मागे ओढता येत नाहीत, यावरून तो आधी चिडला. आता मात्र कागदावर चौकटी आखून स्वतःच्या पातळ्या तयार करतो आणि आम्हाला सोडवायला देतो.