समुद्राकाठच्या घरात गेमिंग माऊस-कीबोर्ड टिकत नाहीत, कुठले घ्यावेत?

खालचा_पाट

नमस्कार. गुहागरला खालच्या पाटात आमचं घर आहे. मागच्या दारी वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्रच. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीएस टू आणि व्हॅलोरंट खेळतो, अभ्यास सांभाळून खेळतो, त्यामुळे खेळण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न सामानाचा आहे.

गेल्या गणपतीत त्याला एका नावाजलेल्या कंपनीचा माऊस घेतला. खोक्यावर 2 कोटी क्लिक असं ठळक छापलेलं. यंदा मिरगाचा पाऊस लागला आणि माऊस बिघडला. एकदा दाबलं की दोनदा लागतं. शाळेचं काम मीही त्याच कॉम्प्युटरवर करते. एखादी फाइल निवडायला जावं तर ती उघडूनच बसते, ओढून दुसऱ्या फोल्डरात न्यावी तर वाटेतच सुटते. वॉरंटीत पाठवला तर 'आत गंज आहे' असा शेरा मारून परत आला. गंज आम्ही लावला का? बंद खोलीत, टेबलावर ठेवलेली वस्तू आहे.

कीबोर्डची तऱ्हा वेगळी. लाइटवाला, गेमिंग म्हणूनच विकलेला, पण आतून साधा रबरी. आधी डब्ल्यू अडखळायला लागली, मग आजूबाजूच्या कळाही गेल्या. स्पेसबार काढून पाहिला तर खालची तार तांबूस झालेली, बोटाला गंज लागला.

आता दोन्ही नवीन घ्यायचे आहेत. मिळून 6-7 हजारांपर्यंत जाऊ शकते. मुलाला हवा आहे तो दिसायला छान, पण आमच्या हवेत टिकेल असं काय घ्यावं ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीच सांगावं.

दांडी_किनारा

काकू, मी मालवणचा. आमच्याकडे हेच चालतं. मी सांगेन, माऊस ऑप्टिकल स्विचचाच घ्या. आणि ऑप्टिकल सेन्सर वेगळा, ऑप्टिकल स्विच वेगळा, दुकानात यात नेहमी गल्लत होते. सेन्सर तर आता सगळ्याच माऊसचा ऑप्टिकल असतो. तुम्हाला बटणाखालचा स्विच ऑप्टिकल हवा. त्यात धातूला धातू टेकवून सिग्नल जात नाही, इन्फ्रारेड किरणाची वाट खुली-बंद होऊन क्लिक ओळखला जातो.

नावावर जाऊ नका. रेझर कंपनीच्या डेथॲडर माऊसचंच बघा. 2020 सालच्या व्ही टूमध्ये ऑप्टिकल स्विच आहेत, 7 कोटी क्लिकचे. त्याच नावाचा स्वस्त 'इसेन्शियल' आहे, त्यात साधे मेकॅनिकल, 1 कोटीचे. दुरून दोन्ही सारखेच दिसतात.

अजून एक. जाळीदार पाठीचे माऊस येतात, वजन कमी व्हावं म्हणून भोकं पाडलेली. मुलगा तोच मागेल, कारण बऱ्याच व्हिडिओंत तोच दिसतो. किनाऱ्यावर तो अजिबात घेऊ नका. भोकांतून खारी हवा आणि घाम थेट सर्किटावर जातो. माझ्या मित्राच्या जाळीदार माऊसच्या आत बारीक वाळू सापडली होती. बंद पाठीचेही हलके माऊस आता मिळतात.

आणि काही नव्या कीबोर्डांत स्नॅप टॅपसारखी सोय येते. ए आणि डी एकत्र दाबल्या तर शेवटची दाबलेली कळच धरायची, असं काम तो कीबोर्ड परस्पर करतो. सीएस टू बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये सीएस टूच्या अधिकृत सर्व्हरवर त्याला मनाई केली आहे. तसा कीबोर्ड घेतलात तर ती सोय बंद ठेवायला सांगा, नाहीतर खेळातून बाहेर काढतील.

मांडवी_दुरुस्ती

ताई, रत्नागिरीत मांडवीजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. यूपीएस, प्रिंटर, लॅपटॉप सगळं येतं, पण अलीकडे पोरांचे माऊस फार येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खोक्यावरच्या कोटींचं बघू. दिवसाला 10,000 क्लिक धरा, म्हणजे चांगलाच खेळणारा मुलगा झाला. तरी 2 कोटी संपायला 2,000 दिवस लागतात, जवळजवळ साडेपाच वर्षं. 5 कोटींचा स्विच असेल तर साडेतेरा वर्षांच्या वर. तुमचा वर्षही पुरं व्हायच्या आत गेला. म्हणजे क्लिकांनी तो झिजलेलाच नाही, त्याला हवेनं खाल्लं. तो आकडा आतली पत्ती किती वेळा दबून परत वर येईल याचा असतो, आणि तो मोजतात कोरड्या, स्वच्छ जागी. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भिंतींना ओल असते, हवेत मीठ असतं. त्याचा हिशेब त्या आकड्यात कुठेच नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण गिऱ्हाईक 2 कोटींऐवजी 5 कोटींचा घेतं, दीड हजार जास्त मोजतं, आणि पुढच्या श्रावणात तोही माझ्या टेबलावर येतो.

आत काय होतं ते सांगतो. बटणाखाली करंगळीच्या नखाएवढा मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पत्ती, टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका. दाबलं की तो खालच्या ठिपक्याला टेकतो. परवा गणपतीपुळ्याकडचा एक माऊस आला होता. स्विचचं टोपण नखाने उचकटलं आणि भिंगाखाली धरलं. वरचा ठिपका काळपट, आणि पत्ती जिथे बसते त्या खाचेत हिरवी पूड. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं, तसंच हे. हवेतल्या गंधकानं चांदीवर काळा थर येतो, मिठानं आणि ओलीनं तांब्याला हिरवं येतं.

पंख्याच्या बटणातही असा थर धरतो, पण तिथे प्रवाह मोठा, ठिणगी पडते आणि थर जळून जातो. माऊसमध्ये प्रवाह मिलीअँपिअरच्या घरातला, कधी त्याहूनही कमी, आणि व्होल्टेज पाच किंवा त्याच्या आत. तेवढ्यात थर जळत नाही. मग ठिपके टेकले तरी संपर्क लागतो, सुटतो, परत लागतो. कॉम्प्युटरला वाटतं दोनदा दाबलं. पत्तीचा ताण कमी झाला तरी असंच होतं, पण आपल्याकडे येणाऱ्या माऊसमध्ये मला बहुतेक वेळा थरच दिसतो. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाऊन्सची वेळ, म्हणजे एका क्लिकनंतर पुढचा धरायच्या आधी थांबायची वेळ, वाढवता येते. ती थोडी वाढवली की दुसरा खोटा क्लिक गाळला जातो. पण त्यावर दिवस ढकलायचे इतकंच, आतला गंज वाढतच राहतो.

म्हणून मालवणच्या भावाशी मी सहमत. किरणाला गंज नाही. ऑप्टिकल स्विचचा माऊस डबल क्लिकसाठी माझ्याकडे आलेला मला आठवत नाही. आलेच तर चाकासाठी येतात. चाकाखालचा एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते ओळखणारा भाग, बऱ्याच माऊसमध्ये अजून धातूच्या संपर्कावर चालतो, मग वर फिरवलं की पान खाली उडी मारतं. घेताना चाकाचाही एन्कोडर ऑप्टिकल आहे का ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर मुलाला मॉडेल शोधायला लावा, माऊस खोलून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत.

दुसरं, रबरी लेप. बाजूला मऊ, मखमलीसारखं वाटतं ते. दुकानात हात लावला की फार छान वाटतं. आपल्या दमटपणात तो लेप दोन-तीन पावसाळ्यांत विरघळल्यासारखा होतो, बोटं चिकटतात, धूळ बसते आणि पुसलं तर काळं निघतं. साधं खरखरीत प्लास्टिक घ्या.

कीबोर्डचं बोलायचं तर तुमचा होता तो मेम्ब्रेनचा. आत प्लास्टिकचे पातळ पापुद्रे, त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा. दोन पापुद्र्यांत ओल शिरली की रेघ खाल्ली जाते. एक रेघ अनेक कळांना जोडलेली असते, म्हणून एका पाठोपाठ शेजारच्या गेल्या. त्याला दुरुस्ती नाही असंच समजा. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा चिखलानं भरलेले कीबोर्ड आमच्याकडे ढिगानं आले. मेम्ब्रेनचे सगळे फेकावे लागले. मेकॅनिकलपैकी, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेल्यांपैकी, काही मात्र कळा उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून परत चालू झाले.

मेकॅनिकलच घ्या, आणि हॉट-स्वॅप घ्या. म्हणजे स्विच सोल्डर केलेला नसतो, चिमट्यानं उपटून नवा बसवता येतो. हे काम मुलगा घरी करेल. एक कळ गेली तर एकच स्विच बदलायचा, अख्खा कीबोर्ड टाकायचा नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला यासारखी दुसरी सोय नाही, आणि आता ती तुमच्या बजेटातल्या कीबोर्डांतही येते. स्विच निवडता आला तर चेरी एमएक्सचे संपर्क सोन्याचे असतात, सोनं काळं पडत नाही. कैल कंपनीच्या बॉक्स प्रकारात संपर्क छोट्या डबीत बंद असतात, धूळ-पाण्यासाठी आयपी 56 दर्जाचे. आपल्या हवेला मला ते जास्त पटतात. त्याहून वरचे म्हणजे मॅग्नेटिक, हॉल इफेक्टवाले. त्यात संपर्कच नसतो, चुंबक किती जवळ आला ते सेन्सर मोजतो. बजेटात बसला तर डोळे मिटून घ्या.

बटणांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात. एबीएस प्लास्टिकच्या टोप्या लवकर गुळगुळीत आणि तेलकट चमकदार होतात. आणि स्विच ज्या पत्र्यावर बसतात तो पत्रा कशाचा आहे ते बघा. स्टीलचा असेल तर रंग उडाला की गंज धरतो. ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकचा बरा. स्पेसबारची तार मात्र सगळ्यांत स्टीलचीच येते. नवीन कीबोर्ड आणलात की ती तार काढून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. मी दुकानातल्या प्रत्येक नव्या कीबोर्डला देतो.

तारामुंबरी

देवगडसून. माझ्या झिलाचो माऊस पण असोच झाललो. पण मी म्हणतो इतका कशाला बघत बसायचं? तीनशे-चारशेचा माऊस घ्यावा, दर वर्षी बदलावा. महागडा घेऊन जीव टांगणीला का लावायचा? वॉरंटीसाठी कुरिअर करा, पंधरा दिवस वाट बघा, त्यापेक्षा हे सोपं.

मांडवी_दुरुस्ती

दादा, ऑफिसच्या कामाला तुमचं बरोबर आहे. खेळणाऱ्याला ते चालत नाही. त्या किमतीच्या माऊसमध्ये सेन्सर वेगात हात फिरवला की जागा चुकतो, आणि मुलगा महिनोन् महिने एका आकाराची, वजनाची सवय करतो, ती दर वर्षी मोडायची. शिवाय दरवर्षी एक माऊस म्हणजे दरवर्षी एवढं प्लास्टिक आणि तांबं गटारात किंवा खाडीत. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा उचलायची सोय किती गावांत आहे? चांगला माऊस घेऊन स्विच बदलत राहिलं तर तो टिकतो. बदलायला तीन पायांचं सोल्डर, अर्ध्या तासाचं काम. मी त्यात ओमरॉनचा डीटूएफ-01एफ टाकतो. तो कमी प्रवाहासाठीच बनवलेला आहे, संपर्क सोन्याच्या मिश्रधातूचे.

खालचा_पाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं, जाळीदार माऊस त्यानं स्वतःच यादीतून काढला. हॉट-स्वॅप कीबोर्ड आणि ऑप्टिकल स्विचचा माऊस, एवढं ठरलं. मॅग्नेटिक पुढच्या वेळी बघू.

दोन शंका आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात बारीक लाल मुंग्या कीबोर्डात घर करतात. अंडीसुद्धा सापडली होती. त्याला काय करावं? आणि मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस माहेरी जातो, तेव्हा हे सगळं कसं ठेवावं?

मांडवी_दुरुस्ती

मुंग्यांसाठी आत कसलाही स्प्रे मारू नका. कीटकनाशकातलं तेल संपर्कावर बसतं, काही द्रावकांनी प्लास्टिकलाही तडे जातात. टोप्या काढा, कीबोर्ड उलटा करून हळूहळू थापटा, मऊ ब्रशनं झाडा. मग 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पत्रा पुसा. हे सगळं वायर काढून करायचं, आणि पूर्ण सुकल्यावरच लावायचं. टेबलाच्या पायांना खडूची रेघ ओढा. आणि मुलाला सांगा, कीबोर्डाजवळ चिवड्याची वाटी नको. मुंग्या आधी तिच्यासाठीच येतात.

नेहमीच्या डब्ल्यूडी-40 ने स्विच साफ करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो तेलकट थर सोडतो. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

माहेरी जाताना दोन्ही कोरड्या कापडानं पुसा. घामातही मीठ असतं. मग पापडाच्या असतो तशा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळ्या दाण्यांच्या घ्या, ओल शोषली की त्या गुलाबी होतात. मग कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परता. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकू नका, आतली ओल आतच राहते.

पावसाळ्यात रोज थोडा वेळ वापर होत राहिला तर उलट बरं. यूएसबीचं टोकही महिन्यातून एकदा बघा. हिरवं दिसलं तर तेच अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की वायर प्लगमधूनच काढायची, बटण बंद करून भागत नाही.

जुना माऊस फेकू नका. रत्नागिरीला येणं झालं तर घेऊन या. उघडताना लागणारे स्क्रू तळाच्या काळ्या पट्ट्यांखाली असतात, त्या पट्ट्या घरी उपटू नका, परत नीट चिकटत नाहीत. दोन्ही स्विच बदलून देतो, आपल्या शाळेच्या कामाला तो अजून बरीच वर्षं चालेल.