हाताला कोमट लागलं म्हणजे झालं असं नाही

लेपर्ड गेकोच्या (पाळीव पालीच्या) प्लायवूडच्या पेटीत हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) थेट प्लगला लावलीय, ‘हाताला कोमटच लागते’ असं तुम्ही म्हणताय, म्हणून कळकळीने लिहितोय. लेपर्ड गेको तासन्तास पोट टेकून बसतो. चटका बसला तरी तो हलेलच असं नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला मॅट बंद करणारं उपकरण, आजच लावा. आणि त्याचा तापमान मोजणारा सेन्सर मॅटवर पक्का बसवा! माझ्या गेकोने एका रात्रीत तो उकरून गार कोपऱ्यात ढकलला होता, मॅट सकाळपर्यंत तापतच राहिली. बिचारा पाण्याच्या भांड्याला चिकटून बसलेला सापडला. गरम बाजूची फरशी ३२ ते ३४ अंश, गार बाजू २५ च्या आसपास ठेवा. वरून सिरॅमिक हीटर लावलात तर होल्डरही सिरॅमिकचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. हीटरभोवती जाळी हवीच.