जुन्या बाजारात घेतलेलं हे पितळेचं नक्की काय आहे? (आणि हे व्यसन कसं आवरायचं)

रविवारचा_रिकामटेकडा

नमस्कार मंडळी. पुण्यात पंधरा वर्षं झाली पण जुन्या बाजारात कधी पाय ठेवला नव्हता, बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेवरून जाताना ट्रॅफिकला शिव्या घालायच्या एवढाच काय तो संबंध. मागच्या महिन्यात मिक्सरच्या भांड्याचं झाकण कुठेच मिळेना म्हणून एक मित्र तिकडे घेऊन गेला. झाकण मिळालं नाहीच. त्याऐवजी घरी आलं एक बिनकिल्लीचं कुलूप, काच नसलेला कंदील, एक कप (बशी नाही) आणि हे पितळेचं भांडं (फोटो टाकलाय). तेव्हापासून चार रविवार झाले, चारही रविवारी सकाळी मी तिकडेच. झाकणाचं आता नावही काढत नाही.

तर भांडं. विकणारा म्हणाला साहेब पेन स्टँड आहे, इंग्रजांच्या कचेरीतलं. साडेचारशे सांगितले, अडीचशेला दिलं. गोल, वर-खाली एकाच रुंदीचं, तोंडाशी जाड पट्टी, उंची जेमतेम तीन इंच पण हातात घेतलं तर आकाराच्या मानाने चांगलंच जड. कल्हई वगैरे काही नाही. गंमत म्हंजे पेन स्टँड म्हणून ते एकदम बेकार आहे, तीन पेनं ठेवली की चौथ्याला कलंडतं. बुडाला टिंबं टिंबं ठोकून 'गो ह' असं लिहिलंय, पुढे एक पुसट अक्षर, श सारखं काहीतरी, आणि मग १८४६. म्हंजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं!! बायको म्हणते इंग्रज साहेब गो ह कशाला लिहील. मुद्दा आहे.

तर प्रश्न असे की हे काय आहे, तुम्ही लोक खरं-खोटं कसं ओळखता, आणि तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, घरी काय सांगता?

फुटका_कर्णा

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. घरी काही सांगायचं नाही. वस्तू आणायची, माळ्यावर ठेवायची, सहा महिन्यांनी खाली काढायची आणि "ही? ही केव्हापासून आहे आपल्याकडे" म्हणायचं. चौदा वर्षं चालू आहे.

आता खरं-खोटं. माझं शिक्षण मुंबईला चोर बाजारात झालं आणि फी भरपूर भरलीय. नवखा होतो तेव्हा एका दुकानात (तिथलंच असं नाही, नाव घेत नाही, चूक माझीच होती) कर्ण्याचा ग्रामोफोन बघितला, चकचकीत पितळी कर्णा, शिसवी दिसणारी आठ कोनांची पेटी, वर कुत्र्याचं चित्र. सहा हजार मोजले. घरी आणून चावी भरली, तीन तबकड्या वाजल्या आणि चौथ्या तबकडीला स्प्रिंगने आतल्या आत कड्ड् करून प्राण सोडला. दुरुस्तीवाल्याने पेटी उलटी केली, मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं, सगळे स्क्रू फुलीचे. म्हणाला दादा, ही पेटी तुमच्या लग्नानंतरची आहे. असले ग्रामोफोन आपल्याकडेच नव्याने बनतात, जगभर जातात, सगळीकडे लोक फसतात, त्यामुळे मी एकटा मूर्ख नाही एवढंच समाधान.

तेव्हापासून माझा नियम, वस्तू आधी उलटी करून बघायची. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची बाजू खोटं बोलत नाही. जुन्या लाकडी कामात एका खाचेचे स्क्रू असतात, लाकूड मागून तासलेलं ओबडधोबड असतं, पितळ जिथे हात लागतो तिथेच झिजलेलं असतं. सगळीकडे सारखं काळं असेल तर कोणीतरी मुद्दाम काळं केलंय. नंतर मला खरा मिळाला तो कर्ण्याचा नाहीच, एचएमव्हीचा सुटकेससारखा दिसणारा पोर्टेबल, १०२ नंबरचं मॉडेल, कर्णा आत लपलेला. दिसायला काही नाही म्हणून कोणी बघत नव्हतं. त्यावर बालगंधर्वांची तबकडी लावली, लाखेची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजते, दर बाजूला सुई बदलायची, खरखर तर एवढी की बाजूला कोणी शेंगदाणे भाजतंय, पण त्या खरखरीतून तो आवाज वर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. असो, विषय भांड्याचा आहे.

रविवर्म्याच्या चित्रांचंही तेच. दर तिसऱ्या पथारीवर लक्ष्मी-सरस्वती असते आणि विकणारा रविवर्म्याच्या छापखान्याचं नाव शपथेवर सांगतो. छापखाना खरा होता, १८९४ ला मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण तिथली चित्रं दगडावरून एकेक रंग चढवून छापलेली. खिशात भिंग ठेवा, शंभर-दीडशेला मिळतं. भिंगातून एकसारख्या रांगेत ठिपके दिसले की ते अलीकडचं ऑफसेट, फ्रेमच्या काचेवर कितीही धूळ असू दे.

मुंबईला आलात तर शुक्रवारी या. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात पण रस्त्यावर पहाटेपासून पथारीवाले बसतात, आणि खरी मजा पथारीवर. दुकानदाराला किंमत माहीत असते, पथारीवाल्याला नसते. (कधीकधी दोघांनाही नसते, तेव्हा तुम्ही मेलात.)

अर्धी_पायली

अहो थांबा थांबा. ते पेन स्टँड नाही. फोटो बघून माझा चहा सांडायचा बाकी होता. ते माप आहे, धान्याचं माप! जाड पट्टी तोंडाशी असते कारण तिथून हात फिरवतात, पट्टी नसेल तर कड चेपते आणि माप खोटं होतं. आणि पेनं कलंडतात कारण ते पेनांसाठी केलेलंच नाही हो.

आता कुठलं माप ते महत्त्वाचं. आमच्याकडे आजी म्हणायची ते असं, दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिसरी, दोन अडिसऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सगळं दुपटीत चालतं, म्हणून शाळेत न गेलेली बाई हिशेब चुकत नसे. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू किलो-लिटर आले आणि ही मापं बाद झाली, कोणी मोडीत घातली, कोणी पिठाच्या डब्यात ठेवली, आमच्या एका नातेवाइकांकडे अजून मापट्यात टूथब्रश आहेत आणि मी मागितलं तर देत नाहीत.

मी नऊ वर्षं ही मापं गोळा करतेय. गावागणिक शेर वेगळा, त्यामुळे कुठलीही सात मापं शेजारी ठेवली की संच झाला असं नाही, एकमेकांत बसली पाहिजेत. म्हणून मी बाजारात जाताना पिशवीत एक चिपटं आणि अर्धा किलो ज्वारी घेऊनच जाते. हसू नका. पथारीवाल्यासमोर बसायचं, त्याच्या मापात ज्वारी भरायची, कडेवरून हाताने सपाट करायची आणि माझ्या चिपट्यात ओतायची. मागच्या वर्षी असं करताना बाजूच्या म्हाताऱ्या बाबांनी माझा हात धरला, म्हणाले बाई, तुम्ही सपाट मोजताय, आमच्यात शिगेनं मोजायचे. आणि त्यांनी स्वतः भरून दाखवलं, दोन्ही हातांनी ज्वारी वर लोटत लोटत असा टोकदार डोंगर केला की शेवटचा दाणा वरून घरंगळून पट्टीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तेव्हा कळलं ती पट्टी जाड असण्याचं आणखी एक कारण. नऊ वर्षांत कुठे वाचलं नव्हतं. पथारीवाला मात्र वैतागला, घेणार आहात का भाकरी करणार आहात म्हणाला.

माझ्याकडे निळव्यापासून पायलीपर्यंत सगळं आहे. एक सोडून. कोळवं नाही. मिळतात, पण माझ्या संचात बसणारं नाही, एक मोठं होतं, एक चेपलेलं.

तुम्ही एक करा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांडं ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. माझं चिपटं ३०२ भरतं. आकडा इथे लिहा. लगेच लिहा!

आणि कृपा करून ते पितांबरीने घासू नका अजून.

फायलीतला_माणूस

दोन गोष्टी सांगतो. पहिली, ते पुसट अक्षर श म्हंजे शके. शके १८४६ मध्ये ७८ मिळवा, १९२४ आलं (वर्षाअखेरचे तीन महिने असतील तर १९२५). तेव्हा पावणेदोनशे विसरा, भांड्याने नुकतीच शंभरी गाठलीय. 'गो ह' हे घरमालकाचं नाव, पंगतीला भांडी दिली की परत ओळखू यावीत म्हणून ठोकायचे.

दुसरी. शंभरी भरली म्हंजे कायद्याच्या भाषेत तो पुरावशेष. १९७२ चा कायदा आहे, अंमल १९७६ पासून, शंभर वर्षांवरची वस्तू त्यात येते, हस्तलिखितांना पंच्याहत्तर पुरतात. घाबरायचं कारण नाही, घरात ठेवायला कोणी अडवत नाही, नोंदणी लागते ती मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांना. पण देशाबाहेर नेता येत नाही. आणि पथारीवर दगडाची किंवा धातूची जुनी देवाची मूर्ती फार स्वस्तात दिसली तर हात मागे घ्या. ती कुठल्यातरी गावच्या देवळातून उचललेली असू शकते. स्वस्त पडत नाही ती.

बर्मिंगहॅमचा_बंड्या

इकडे आमचं देऊळ म्हंजे कार बूट सेल. रविवारी पहाटे शेतात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको ते सगळं मांडतात. थंडीत हात गोठलेले, कागदी कपात चहा, सहा वाजता टॉर्च घेऊन फिरणारे म्हातारे. मागच्या महिन्यात एका आजीबाईंकडे चिठ्ठी होती, "इंडियन शुगर बोल विथ स्पून, ३ पौंड". बघतो तर पळी-पंचपात्री! मी हसायला लागलो, त्यांना वाटलं महाग वाटलं, दोन पौंडाला दिली. त्यांना सांगितलं नाही की हिच्याने आम्ही आचमन करतो, चाळीस वर्षं त्यात साखर ठेवली होती बिचारीने, कशाला.

इथे चांदी ओळखणं सोपं कारण शिक्के असतात. चालणारा सिंह म्हंजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हंजे आमचं बर्मिंगहॅम (समुद्र कुठे आहे विचारू नका). आणि ई.पी.एन.एस. असं कोरलेलं दिसलं की वरवर मुलामा, आत चांदी नाही. असला चमच्यांचा संच आमच्या मातोश्रींनी लॉकरमध्ये ठेवलाय आणि मी अजून सांगितलेलं नाही.

फायलीतले साहेब, आजीची समई इकडे आणायची होती, ती बहुतेक ऐंशी-नव्वद वर्षांची असेल, चालेल का?

फायलीतला_माणूस

शंभराच्या आत असेल तर कायद्याची आडकाठी नाही, पण विमानतळावरच्या माणसाला ते बघून कसं कळणार? पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो, तो आधी काढा. नाहीतर समई इथे आणि तुम्ही तिथे.

रविवारचा_रिकामटेकडा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पाणी भरलं. तीनदा भरलं कारण पहिल्यांदा मुलाने मध्येच बोट बुडवलं. १५१, १५०, १५१.

आणि फुटका कर्णा दादा, वस्तू उलटी करून बघायचा नियम लगेच लावला, तो कंदील उलटा केला तर बुडाला गंजाखाली 'प्रभाकर' दिसतंय. हे काही चांगलं आहे का?

फुटका_कर्णा

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील! कराडजवळचा ओगल्यांचा कारखाना. आमच्या गावच्या घरी प्रत्येक खोलीत एक असायचा, संध्याकाळी रांगेत बसून काचा राखेने पुसायचं काम पोरांचं. काच शोधा आता, आणि नवी बसवू नका, मापाची जुनीच शोधा, वर्ष लागेल पण मजा त्यातच आहे. किती दिले?

रविवारचा_रिकामटेकडा

ऐंशी. कुलपासकट.

फुटका_कर्णा

मी आता बोलत नाही तुमच्याशी.

अर्धी_पायली

१५१!!! दुप्पट ३०२!! अहो ते कोळवं आहे, आणि माझ्याच चिपट्याच्या घरातलं आहे! अडीचशेला घेतलंत ना, मी हजार देते. बाराशे. तुम्हाला पेनं ठेवायला मी केळकर संग्रहालयाच्या बाहेरून छान लाकडी स्टँड आणून देते. (तसंही केळकरांचं संग्रहालय बघितलं नसेल तर आधी तिथे जा, एका माणसाने आयुष्यभर फिरून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या, सगळ्या घरातल्या, नुसते अडकित्ते बघायला एक सकाळ लागते.) बोला.

रविवारचा_रिकामटेकडा

ताई, कालपर्यंत दिलं असतं हो. आता नाही देववत, काल रात्री मुलाने त्यात तांदूळ मोजून आमटी-भाताचा भात लावला, चौघांना तीन कोळवी पुरली. पण येत्या रविवारी सकाळी सातला जुन्या बाजारात येतो, कोळवं घेऊन. तुम्ही चिपटं आणि ज्वारी आणा, बसतं का ते तरी बघू. पथारीवाल्याला आधीच सांगून ठेवा, भाकरी करणार नाही म्हणून.

अर्धी_पायली

साडेसहाला या. सातपर्यंत चांगला माल उचललेला असतो.