मदत हवी आहे: धनुष्याच्या लाकडाला चिरा पडताहेत

रंकाळा_काठ: लाकडी धनुष्य करतोय. दोन्ही टोकांनी चिरा पडल्यात, एक वीतभर आत आलीय. शिवजयंतीला आखाड्यातल्या पोरांना दाखवायचंय. वाचेल का? लवकर सांगा.

भुदरगडी: लाकूड कुठलं? कधी तोडलं? साल आहे का?

रंकाळा_काठ: धामण. मामांच्या बांधावरची, तोडून तीन आठवडे झाले. साल काढली. प्रश्न चिरांचा आहे.

भुदरगडी: धामण म्हणजे अगदी नेमकं लाकूड. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, यातच काय ते आलं. आमच्याकडं कुऱ्हाडीचे दांडे हिचेच.

कळकाचं_बेट: धामण सोड भावा, बांबू घे. तीन-चार वर्षांचा, थंडीत तोडलेला. कोवळ्याला भुंगा लागतो. मी पोरांना चार करून दिले.

भुदरगडी: त्यानं बांबूचं विचारलंय का?

सुतारमेट: ओंडका गोलच ठेवलाय का? मग चिरणारच. लाकूड गाभ्याकडं जेवढं आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट घेराच्या दिशेनं आकसतं, ताण कुठंतरी सुटतो. पाचर मारून उभं फाड. करवत नको, रेषा तुटतात. टोकांना लगेच मेण नाहीतर ऑइलपेंट लाव.

पट्टा_फिरव: जवसाचं तेल तीन हात द्या, चमक बघा.

सुतारमेट: ते धनुष्य पुरं झाल्यावर. आत्ता नाही.

रंकाळा_काठ: गोलच आहे. ठेवलंय गुऱ्हाळात, चुलवणाच्या मागं. लवकर वाळावं म्हणून.

सुतारमेट: अरे, हे आधी सांगायचं! वरचा थर वाळला, आत पाणी तसंच. आज हलव. सावलीत, वाऱ्यावर, खाली दोन पट्ट्या घालून आडवं ठेव. दर रविवारी वजन कर. घटायचं थांबेपर्यंत दोरी चढवायची नाही.

कळकाचं_बेट: एवढं थांबायला कशाला पाहिजे? ओलं असतानाच कोरलं की पातळ लाकूड भराभर वाळतं.

सुतारमेट: कोरायला हरकत नाही. पण सरळ फळीला आवळून ठेव, नाहीतर पीळ धरतं. आणि ओलं वाकवलं की वाक कायमचा बसतो, मग बाणाला जोर कुठला?

रंकाळा_काठ: फाडलं. एक फाळका सरळ साडेपाच फूट निघाला, दुसऱ्यात चीर तिरकी गेलीय. सरळवाला गुळाच्या काट्यावर 3 किलो 800 ग्रॅम भरला. टोकांना मेण लावलं. पोरांना या वर्षी नुसता फाळका दाखवतो.

भुदरगडी: सालीखालची बाजू पाठ धर, म्हणजे बाण सोडताना निशाणाकडं असते ती; तुझ्याकडची ते पोट. तिला रंधा लावू नकोस, जे काढायचं ते पोटाकडनं.