माजी विद्यार्थ्यांच्या नोकरीची माहिती गोळा करतोय, रकाने कसे ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) पाचव्या निकषासाठी प्लेसमेंटची आकडेवारी लागते, ते काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. बीएस्सी होऊन गेलेल्या मुलामुलींना फोन लावणं चालू आहे. हातात आलेल्या फॉर्मात रकाने चारच: नोकरी, व्यवसाय, पुढील शिक्षण, बेरोजगार. बरीच पोरं यात धड कुठेच बसत नाहीत.

चोपड्याकडचा एक मुलगा घ्या. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास. आता घरच्या केळीत राबतो. ठिबकमधून खत सोडणं, कापणीला माणसं जमवणं, गाडी भरताना व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत, सगळं त्याच्याकडे. पगार नाही, वडील हातखर्चाला देतील तेवढं. सरकारच्या पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाराही स्वयंरोजगारात धरतात, म्हणजे त्या हिशेबाने हा कामाला लागलेला. तो स्वतः मात्र म्हणतो, "सर, मी रिकामाच शे."

उलट भुसावळची एक मुलगी, फिजिक्सची. जळगाव एमआयडीसीत कंत्राटावर आहे, दिवसभर चटईच्या रोलांची वजनं रजिस्टरात चढवते. आमच्या फॉर्मात ती 'नोकरी', एकदम झकास! अभ्यासिकेत बसून एमपीएससी, पोलीस भरती करणाऱ्यांना 'पुढील शिक्षण'मध्ये ढकला, असा सल्ला मिळालाय. मला तो पटत नाही. लग्न होऊन सुरतेला गेलेल्यांचे तर नंबरच बदललेत.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर साधारण 15 महिन्यांनी 'ग्रॅज्युएट आउटकम्स' नावाची पाहणी होते. काम मोलाचं वाटतं का, पुढच्या बेताशी जुळतं का, शिकलेलं वापरता येतं का, हेही त्यात विचारतात. मला तसंच काहीतरी हवंय. पण फोनवर विचारलं की "हो सर, छान चाललंय" याच्या पुढे गाडी सरकत नाही. सरांपुढे रडगाणं कोण गाणार? असं काम कोणी केलं असेल तर प्रश्न कसे विचारले, ते सांगा.

प्रतिसाद (धुळे):
सर, आमच्याकडे मी केलंय हे. आधी एमपीएससीवाल्यांचं. नॅकमध्ये स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची वेगळी नोंद असते. नुसती तयारी करणारे ना तिथे बसतात, ना पुढील शिक्षणात. प्रवेशाचा पुरावा मागितला तर काय दाखवणार? त्यांचा रकाना स्वतंत्रच ठेवा.

समाधानाबद्दल थेट विचारूच नका. "सध्या दुसरं काम बघतोयस का?" आणि "धाकट्या भावाला याच कामाला लावशील का?" एवढं विचारा, पोरं भडाभडा बोलतात. आणि फोन तुम्ही करू नका, त्यांच्याच बॅचच्या कुणाला तरी करायला सांगा.

धागाकर्ता:
भावाचा प्रश्न झक्कास आहे, उचलतोच. बॅचवाल्यांचंही जमेल, सगळ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहेत. पण केळीवाल्याचं काय करू? रकाना पीएलएफएसच्या व्याख्येने भरू, की तो म्हणतो तसा?