आईची लँडलाईन काढावी का?

गिरगावकर:
आमच्या चाळीत १९८८ साली फोन आला तेव्हा अख्ख्या मजल्यावर तो एकच. वडिलांनी सात वर्षं आधी नंबर लावला होता. शेजारच्या चार घरांच्या पत्रिकांवर आमचाच नंबर, पुढे कंसात 'पी. पी.'. रिंग वाजली की आई गॅलरीत जाऊन हाक मारायची, "वहिनी, रत्नागिरीचा फोन!" वहिनी पदराला हात पुसत धावत यायच्या, तोवर रिसिव्हर टेबलावर आडवा.

आता आई ८१ वर्षांची, एकटी राहते. पावसाळ्यापासून लाईन मेली आहे. तांब्याची तार आता दुरुस्त होणार नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील, असं सांगतात. मोबाईल दिलाय, पण हिरवं बटण दाबायचं की सरकवायचं या गोंधळात फोन कट होतो. रोज सकाळी ती रिसिव्हर कानाला लावून डायलटोन येतोय का बघते. मला ते बघवत नाही. वीज गेली तर फायबरवरचा फोन चालतो का?

विद्याविहारहून:
नाही चालत. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, तारेतूनच यायची, ४८ व्होल्ट. तिथे बॅटऱ्या असायच्या. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे लाईट नव्हते, मोबाईल लागत नव्हते. कुर्ल्याला अडकलेल्या बाबांचा फोन आला तो लँडलाईनवर. रात्रभर आम्ही त्या फोनशेजारीच बसलो होतो. फायबर घेतलंत तर राउटरला छोटा यूपीएस लावाच.

ठाण्याची सून:
लँडलाईनसारखाच दिसणारा, सिम टाकायचा फोन मिळतो. रिसिव्हर, मोठी बटणं, आत बॅटरी. सासूबाईंना पहिल्याच दिवशी जमला. पण नंबर बदलतो, लँडलाईनचा नंबर मोबाईलवर पोर्ट होत नाही.

जुना ऑपरेटर:
फायबर घेतलं तर आईंना एक नक्की सांगा, मोबाईल लावताना आधी शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून तसं आहे. आमचे दादा रेकॉर्ड केलेली बाई बोलली की फोन ठेवून द्यायचे आणि "पोरगा उचलत नाही" म्हणून दोन दिवस जेवले नाहीत धड.

गिरगावकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर सोडायचा नाही, फायबर आणि यूपीएस घेतोय. आई अजून पुढचा २ न लावता सात आकडीच नंबर सांगते, तिला नवा कुठून पाठ होणार! शनिवारी माणूस येतोय. तिची फोनची डायरी घेऊन बसलोय, प्रत्येक मोबाईल नंबराआधी लाल पेनाने शून्य घालतोय.